आजी-आजोबांची साक्ष

पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांतील ज्या घरांतून पती आणि पत्नी दोघेही सकाळी कामासाठी बाहेर पडतात आणि दिवेलागणीनंतरच परततात, त्या घरांतील दीड-दोन वर्षांच्या मुलाचा सारा दिवस कोणाच्या सहवासात जातो याची चौकशी केली, तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते ते आजी-आजोबांचे. पाळणाघराचा खर्च झेपत नाही म्हणून असो, परक्या हाती मूल सोपवण्याची धास्ती वाटते म्हणून असो, किंवा गावाकडील घराला कुलूप लावून आलेल्या वडीलधाऱ्यांना नातवंडाखेरीज दुसरा विरंगुळा उरलेला नसतो म्हणून असो, अपत्यसंगोपनाची प्रत्यक्ष वहिवाट आज मोठ्या प्रमाणावर साठी उलटलेल्या माणसांच्या हाती आहे. मूल वेळच्या वेळी रांगते, चालते, बोलते तोवर या व्यवस्थेबद्दल कोणाची काही तक्रार नसते. परंतु दोन वर्षे पुरी होत आली तरी ते हाकेला ओ देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, बरोबरीच्या मुलांत रमत नाही, असे ध्यानात येऊ लागले की त्याच घरात एक मतभेद उभा राहतो; आणि ज्यांच्या भरवशावर घर आजवर चालले, त्यांचेच मत त्या मतभेदात सर्वांत गैरसोयीचे ठरू लागते.

या मतभेदाविषयी जे बोलले जाते ते बहुधा एकतर्फी असते. मातापितर म्हणतात, जुनी माणसे काही ऐकूनच घेत नाहीत. वृद्ध म्हणतात, हल्लीच्या पिढीला हसत्याखेळत्या मुलातही आजार दिसतो. माझे म्हणणे असे आहे, की मुलाच्या तपासणीचा आणि उपचाराचा निर्णय करण्याचा अधिकार मातापित्यांचाच आहे, त्यात आजी-आजोबांनी हिस्सा मागू नये. मात्र त्या मुलाविषयीची सर्वांत भरघोस साक्ष आजी-आजोबांपाशी असते, आणि ती आदराने विचारून घेतल्यावाचून केलेला निर्णय अपुऱ्या पुराव्यावर केलेला असतो.

पहिला खटका बहुतेक घरांत एकाच वाक्यावरून उडतो. "बोलेल की, एवढी घाई कसली? ह्याचा बाबा तीन वर्षांचा होईस्तोवर तोंडातून शब्द काढत नव्हता, आता बघा!" हे ते वाक्य. त्याच्या मागोमाग जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावणे येते, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे येते, कुलदैवताला बोललेला नवस येतो. या साऱ्यामागील ममतेची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या स्त्रीने विकासाचे तक्ते, मोबाइलमधील माहिती आणि बालरोगतज्ज्ञ यांपैकी काहीही हाताशी नसताना तीन-चार मुले वाढवून मार्गी लावली, तिचा स्वतःच्या अनुभवावर विश्वास असणे स्वाभाविक आहे. आणि उशिरा बोलू लागलेली कित्येक मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात, हेही सत्यच आहे. अडचण एवढीच, की त्यांतले कोणते मूल आपोआप बरोबरीला येईल आणि कोणते येणार नाही, हे दोन वर्षांच्या वयात नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. न बोलणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच कमी येत असेल. कदाचित ती स्वमग्नता असेल. कदाचित केवळ बोलण्यापुरताच विलंब असेल. कानाची तपासणी वेदनारहित असते आणि तिने मुलाचे काहीही बिघडत नाही. परंतु ऐकू न येणाऱ्या मुलाची दोन वर्षे वाट पाहण्यात गेली, तर भाषा ज्या वयात सर्वांत सुलभपणे रुजते ते वयच हातचे निघून जाते. म्हणून "थांबून पाहू" हा सल्ला वरकरणी सौम्य वाटला, तरी त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

ही बाब क्वचित कोठे घडणारी आहे, असेही समजण्याचे कारण नाही. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची जी विस्तृत पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात सहा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३ ते १४ टक्के मुलांत श्रवणदोष, अपस्मार, स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी यांपैकी कोणता ना कोणता विकासविषयक दोष आढळला होता. तेव्हा हा प्रश्न आपल्या आळीतला आहे, आणि बहुधा आपल्याच नात्यातल्या कोणाच्या तरी घरातला आहे.

आता त्या "बाबाही उशिराच बोलला" या वाक्याकडे पुन्हा पाहू. निकाल म्हणून ते कुचकामी आहे; परंतु साक्ष म्हणून ते मोलाचे आहे. बोलण्यातील विलंब, स्वमग्नता, वाचन-लेखनातील अडचणी यांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि वडील लहानपणी कसे होते, किती वर्षांनी बोलले, शाळेत एकटे बसत असत काय, आवाजाला घाबरत असत काय, या गोष्टी घरातील दोनच माणसांना ठाऊक असतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना हा कुळवृत्तान्त हवाच असतो. जे वाक्य घरात तपासणी टाळण्यासाठी उच्चारले जाते, तेच तपासणीच्या खोलीत उच्चारले गेले तर उपयोगी पडते. मात्र ते उच्चारणाऱ्या आजीला त्या खोलीपर्यंत कोणी नेत नाही.

आणि याच्या नेमकी उलट परिस्थितीही असते, तिच्याविषयी फारच थोडे लिहिले जाते. पुष्कळदा प्रथम शंका येते ती आजीलाच. तिने अनेक मुले वाढताना पाहिलेली असतात; पहिलटकरीण आईपाशी तुलनेसाठी काहीच नसते. अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या पालकांना प्रश्न विचारून केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्या मुलांचा आजीशी वारंवार संबंध येत होता त्यांचे निदान इतरांपेक्षा सुमारे पाच महिने आधी झाले होते. त्याच अभ्यासात आप्तेष्टांना जे विचारले गेले त्यावरून हेही कळले, की पुष्कळांना शंका आली होती, तरी ती बोलून दाखवण्याचा धीर त्यांना झाला नव्हता. आपल्याकडे तर हा धीर होणे अधिकच कठीण. सासूने सुनेजवळ "ह्याला एकदा दाखवून आणू या का?" एवढे म्हटले, तरी त्याचा अर्थ "तुझ्या मुलात खोट आहे" असा घेतला जाण्याचा संभव असतो, आणि मुलीच्या आईने म्हटले, तर "तुमच्याकडच्यांनी आमच्या मुलाला नावे ठेवली" असा. दोन्हीकडचे आजी-आजोबा मग आपापल्या कुळाची वकिली करू लागतात आणि मूल मध्येच राहते.

दोषारोपाचा हा रोग केवळ आपल्या घरांतला नाही. शास्त्रालाही तो जडला होता. १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने अकरा मुलांची वर्णने देऊन स्वमग्नतेची ओळख जगाला करून दिली. त्यानंतर दोन-अडीच दशके अशी एक समजूत बळावली, की मातेच्या मायेचा ओलावा कमी पडल्यामुळे मूल असे होते. ब्रुनो बेटेलहाइम याने १९६७ मध्ये या कल्पनेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच तिचे खंडन केले होते, आणि पुढे १९६९ मध्ये खुद्द कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना निर्दोष ठरवले. तथापि तोवर किती मातांनी हा कलंक आयुष्यभर वागवला असेल, त्याची गणतीच नाही. आज आपल्या घरांत "ही नोकरीला जाते म्हणून", "हिने जेवताना मोबाइल हाती दिला म्हणून" असे जे म्हटले जाते, ते त्याच निकालाचे नवे रूप आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसवू नये आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, ते पाळावेच. परंतु मोबाइल कमी करणे हा एक हितकर नियम आहे, त्याच्या आधाराने सुनेवर आरोपपत्र दाखल करणे हे वेगळे आणि क्रूर काम आहे.

साक्षीचे महत्त्व किती, हे कॅनरच्याच दप्तरात पाहायला मिळते. त्याच्या अकरा मुलांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी संस्थानातील एका लहानशा गावात वकिली करणाऱ्या त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये मुलाच्या वर्तनाचा बारीकसारीक तपशील देणारे तेहेतीस पानांचे टंकलिखित पत्र कॅनरला पाठवले होते. ते इतके काटेकोर होते, की कॅनरच्या पहिल्या वर्णनाचा बराच भाग त्यावरच आधारलेला आहे. म्हणजे ज्या निदानासाठी आज आपण तज्ज्ञांच्या दारी रांगा लावतो, त्याच्या मुळाशी घरातल्या एका माणसाने दिवसेंदिवस पाहून लिहिलेली टिपणे आहेत. तज्ज्ञ मुलाला पाऊणएक तास पाहतो, तेही अनोळखी खोलीत, भुकेल्या किंवा झोपाळलेल्या अवस्थेत. घर त्याला अष्टौप्रहर पाहत असते.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नातवाची रोजनिशी ठेवण्याचा शिरस्ता त्यांनी नोकरीच्या सवयीने पाळला होता. नातू हुशार आहे आणि घरातील तरुण मंडळी उगाच घाबरतात, हे सिद्ध करावे असा त्यांचा हेतू होता. त्या वहीत अशा नोंदी होत्या : "माझे मनगट धरून माठापाशी नेले. तोंडाकडे पाहिले नाही. भांडे हाती देताच निघून गेला." "कुकरची शिटी झाली की कान झाकतो. मागून चार हाका मारल्या, वळला नाही." "वाट्या एका ओळीत लावल्या. हिने त्यातली एक आमटीसाठी उचलली, तेव्हा पुष्कळ वेळ रडला. वाटी परत ठेवल्यावर शांत." मुलाला तपासणीला नेण्याच्या दिवशी त्यांनी वही बरोबर घेतली ती आपले म्हणणे मांडण्यासाठी. तपासणाऱ्या बाईंनी ती आस्थेने वाचली, काही पानांवर खूण केली, आणि त्यांना खुर्ची जवळ ओढून घ्यायला सांगून विचारले, "आजोबा, मनगट धरून नेतो, पण बोट दाखवतो का कधी?" दुसऱ्याच्या हाताचा साधनासारखा वापर करणे, आवाज ऐकू येत असूनही नावाने मारलेल्या हाकेला प्रतिसाद न देणे, वस्तूंचा क्रम मोडला की व्याकूळ होणे, ही स्वमग्नतेची तज्ज्ञांना परिचित असलेली लक्षणे आहेत. आजोबांनी ती विपरीत हेतूने का होईना, प्रामाणिकपणे टिपली होती. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही, पण त्यांच्या नोंदी टिकल्या, आणि त्या नातवाच्या कामी आल्या. त्या भेटीनंतर घरातला वाद मिटला असे नव्हे. परंतु आपले म्हणणे कोणीतरी वाचले, या जाणिवेने त्या गृहस्थांचा सूर पालटला, हे मी स्वतः पाहिले.

निदान झाल्यावर खरा कठीण भाग सुरू होतो, आणि तो स्वयंपाकघरात सुरू होतो. स्पीच थेरपीच्या बाई सांगतात, की मुलाने मागण्यापूर्वी वस्तू देऊ नका. पाण्याचे भांडे त्याला दिसेल असे धरा, क्षणभर थांबा, त्याने तुमच्याकडे पाहिले, हात पुढे केला, ओठ हलवले, काहीही केले तरी लगेच द्या आणि देताना "पाणी" म्हणा. सून हे संध्याकाळी घरी येऊन सासूला सांगते. सासूच्या कानांना ते कसे लागत असेल, याचा विचार कोणी करतो काय? तिच्या आयुष्यभराच्या मायेचे स्वरूपच हे, की लेकराच्या तोंडाला कोरड पडण्यापूर्वी तिने ओळखावे, त्याने रडण्यापूर्वी त्याला घास भरवावा. तिला कोणी तरी सांगत आहे की तुझे हे ओळखणेच मुलाच्या बोलण्याच्या आड येते. "तहानलेल्या पोराला पाणी द्यायला मी थांबायचं? असली कसली तुमची थेरपी?" हा तिचा उद्गार हट्टाचा नाही, दुखावलेल्या वत्सलतेचा आहे. आणि म्हणूनच सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवून हे काम होत नाही. थेरपिस्टने आजीला समोर बसवून, तिच्याच हाती भांडे देऊन, ते काही क्षणांचे थांबणे करून दाखवले, आणि मुलाची नजर वर उठताना तिने स्वतः पाहिली, की मग तिला वेगळे समजवावे लागत नाही; उलट ज्या स्त्रीला मुलाची तहान त्याच्या आधी कळते, तिला तो क्षण इतर कोणापेक्षाही अचूक साधतो. जे कौशल्य अडसर म्हणून हिणवले गेले, तेच उपचाराचे मुख्य साधन होऊ शकते, आणि अशा आजीला आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या तज्ज्ञाहून दसपट अधिक संधी दिवसभरात मिळतात.

एका वादात मात्र मी निःसंकोचपणे आजी-आजोबांच्या बाजूने आहे, आणि तो भाषेचा वाद आहे. मूल उशिरा बोलते असे ठरले, की कोणी तरी सल्ला देते, घरात एकच भाषा ठेवा. आणि ती एक भाषा पुढे शाळेत लागणारी इंग्रजी असावी, असे परस्पर ठरते. मग मराठीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या आजीला सांगितले जाते, "आई, तुम्ही त्याच्याशी कमी बोला, तो गोंधळतो." न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी-आजोबांना तर हे हमखास ऐकावे लागते. दोन भाषा कानी पडल्याने भाषाविलंब उद्भवतो किंवा वाढतो, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. स्वमग्न मुलेही दोन भाषांच्या घरात वाढू शकतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मुलाला गरज असते ती दिवसभर त्याच्याशी उत्कटतेने, सहज, चढउतारांसह बोलणाऱ्या माणसाची. ज्या भाषेत आजी अंगाई म्हणते, रागावते, चिऊ-काऊला घास देते, ती भाषा काढून घेऊन तिला मोडक्या इंग्रजीत "कम", "सिट", "ईट" एवढे म्हणायला लावणे, म्हणजे मुलाच्या दिवसातील बहुतेक संभाषण संपुष्टात आणणे होय. हा सल्ला मिळालेल्या प्रत्येक कुटुंबाने तो देणाऱ्याला त्याचा आधार विचारावा.

मुंज करावी की नाही, केस कापताना किंचाळणाऱ्या मुलाला न्हाव्यासमोर बसवावे की नाही, लग्नाच्या बँडच्या गोंगाटात त्याला न्यावे की घरी ठेवावे, या प्रश्नांवर मी येथे थांबत नाही. मुलाला सोसवेल तेवढे करावे, आणि नातेवाइकांपासून त्याला लपवू नये, एवढे पुरे. पैशाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. हताश झालेले आजोबा भविष्यनिर्वाह निधीची पुंजी मोडून मूळपेशींच्या महागड्या उपचारांना हातभार लावायला निघतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे, की रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज मूळपेशींचे उपचार प्रयोगाच्या सदरात मोडतात. तो पैसा वाचा-उपचारासाठी आणि मुलाच्या पुढील आयुष्यासाठी राखून ठेवावा, हे सांगण्याचे काम मातापित्यांनी निर्धाराने केले पाहिजे.

कारण निर्णयाचा अखत्यार अखेर त्यांचा आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात लहान अपत्याचे नैसर्गिक पालक म्हणून पिता आणि माता यांचा उल्लेख आहे, आजी-आजोबांचा नाही. आणि या बाबतीत कायद्याचा कल योग्यच आहे, कारण त्या मुलाबरोबर सर्वांत दीर्घ काळ जगायचे आहे ते त्यांनाच. म्हणून ज्या आजी-आजोबांना मातापित्यांचा निर्णय चुकीचा वाटतो, त्यांनी तो तसा वाटतो हे एकदा, स्पष्टपणे, मुलाच्या आणि पाहुण्यांच्या माघारी, "हा काय करतो ते मी पाहिले आहे" अशा तपशिलासह सांगावे, आणि नंतर ठरलेला कार्यक्रम मनापासून पाळावा. बंद केलेला पदार्थ गुपचूप भरवणे, थेरपीची वेळ टाळण्यासाठी मूल झोपल्याची बतावणी करणे, दूरच्या नातेवाइकांकडे सुनेची तक्रार नेणे, यांतून मुलाच्या भोवतालची माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहतात, आणि नियमितपणाची सर्वाधिक गरज असलेल्या मुलाला दर खोलीत निराळा नियम भेटतो. तितक्याच स्पष्टपणे मातापित्यांना सांगायला हवे, की दिवसाचे दहा तास मूल ज्यांच्या हवाली करता, त्यांना निदानाची बातमी शेवटी आणि फोनवरून कळवणे हा अन्याय आहे. नातवाविषयीचे दुःख आजी-आजोबांना दुहेरी असते. ते नातवासाठी झुरतात आणि आपल्या पोटच्या मुलाच्या वाट्याला आलेल्या कष्टांसाठीही झुरतात. त्यांना ते पचवायला वेळ दिला पाहिजे.

शासनाच्या हातीही पुष्कळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात, आणि संशय आल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने मुलाला तेथवर घेऊन येणारी व्यक्ती अनेकदा आजी असते, कारण वडील मुंबईच्या बाजूला नोकरीला आणि आई शेतावर मजुरीला. अशा वेळी "आईला घेऊन या" असे सांगून तिला परत पाठवू नये. मुलाच्या केसपेपरवर "मूल दिवसभर कोणाजवळ असते" असा एक रकाना असावा, आणि त्या रकान्यात जिचे नाव असेल तिला पहिल्याच भेटीत आत बोलावून तिचा जबाब सविस्तर नोंदवून घ्यावा. घरी करायच्या गोष्टींचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्या गोष्टी तेथेच करून दाखवाव्यात. खासगी दवाखान्यांनाही हे लागू आहे. तेथे हजारो रुपये शुल्क घेऊन दिले जाणारे अहवाल संपूर्णतः इंग्रजीत असतात, आणि ज्या माणसाने त्यांतील प्रत्येक सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून अमलात आणायची, त्याला त्यांतले एक अक्षरही कळत नाही. हे बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही फारसा लागत नाही, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर येत्या महिन्यापासून सुरुवात होऊ शकते.